सरकारी खरेदीची विद्या

१९८६ सालच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांचा बळी मूळ आजाराने घेतला नव्हता. उपचार म्हणून त्यांना जे ग्लिसरीन दिले गेले, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. कारखान्यात वापरायच्या प्रतीचा माल औषध म्हणून रुग्णालयात पोहोचला होता. सरकारने न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला. आयोगाचा अहवाल महाराष्ट्रात गाजला, औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली गेली, आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. हे सगळे लोकांच्या लक्षात राहिले. या मृत्यूंची वाट एका खरेदीतून गेली होती, ही गोष्ट मात्र विस्मरणात गेली. कोणीतरी मागणी लिहिली, कोणीतरी दर मागवले, कोणीतरी पुरवठादार निवडला, कोणीतरी माल उतरवून घेऊन साठा नोंदवहीत जमा केला. त्या साखळीतल्या एकानेही थांबून विचारले असते, की हे ग्लिसरीन कोणत्या प्रतीचे आहे, कोणी बनवले आहे, तपासणीचा दाखला कुठे आहे, तर ती माणसे घरी परतली असती.

हे पुस्तक त्या साखळीतल्या माणसांसाठी आहे. मंत्रालयातल्या खरेदीच्या कार्यासनावरचा कक्ष अधिकारी, जिल्हा परिषदेतला भांडारपाल, ग्रामीण रुग्णालयात मागणीपत्र भरणारा औषधनिर्माता, आश्रमशाळेचा अधीक्षक, नगरपालिकेतला लिपिक. यांच्यापैकी क्वचितच कोणी खरेदी शिकून आलेला असतो. बदलीच्या आदेशाने तो त्या टेबलावर येतो, आधीचा माणूस घाईघाईने पदभार देतो, नस्त्यांची यादी आणि कपाटाच्या किल्ल्या हाती ठेवतो, आणि लगेच लाखो रुपयांच्या निविदा त्याच्या टिपणीवर चालू लागतात. पूल बांधायला अभियंता लागतो, हिशेब ठेवायला लेखा परीक्षा उत्तीर्ण झालेला कर्मचारी लागतो, हे आपल्या प्रशासनाला मान्य आहे. विकत घेणे मात्र कोणालाही जमते असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत खोटी आहे. खरेदी ही शिकावी लागणारी विद्या आहे आणि ती न शिकवल्याची किंमत रुग्ण, विद्यार्थी आणि करदाते मोजत आहेत. या प्रस्तावनेत मला मुख्यतः हेच मांडायचे आहे.

व्याप केवढा आहे ते एका आकड्यावरून कळेल. केंद्राच्या गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजे सगळे ज्याला 'जेम' म्हणतात त्या पोर्टलवरची खरेदी २०२३-२४ या एका वर्षात ४ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. आणि जेम हा एकूण सरकारी खरेदीचा एक भाग आहे. रस्ते, धरणे, इमारती यांची कामे, राज्यांच्या आणि महापालिकांच्या स्वतंत्र ई-निविदा त्याच्या बाहेरच राहतात.

नियमांची आपल्याकडे टंचाई नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबई वित्तीय नियम, १९५९ आहेत, आकस्मिक खर्चाचे १९६५ चे नियम आहेत, १९७८ ची वित्तीय अधिकार नियमपुस्तिका आहे. उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका काढली आणि त्यानंतर तिच्यात बदल करणारे शासन निर्णय येत राहिले. केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ साली नव्याने आले, त्यांच्या जोडीला वस्तू, कामे आणि सेवा यांच्या खरेदीच्या मार्गदर्शिका आल्या. तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये निविदांतील पारदर्शकतेसाठी स्वतंत्र कायदे केले. केंद्राचे सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२ साली लोकसभेत मांडले गेले आणि ती लोकसभा संपताच व्यपगत झाले. असा कायदा महाराष्ट्रात अजून झालेला नाही. तो व्हावा असे मला वाटते, पण कायदा झाल्याने टेबलावरच्या माणसाला विनिर्देश लिहिता येऊ लागतील या भ्रमात मी नाही.

गेल्या काही वर्षांतल्या सुधारणांचा भर संगणकावर राहिला. त्याचा फायदा झाला हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. निविदा संच विकत घ्यायला गेलेल्या माणसाला कार्यालयाच्या दारात अडवणे, बंद लिफाफा 'उशिरा आला' म्हणून परत करणे, असे प्रकार ई-निविदेने जवळजवळ संपवले. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर कोणी काय भरले याची वेळेसकट नोंद राहते. पण संगणक लिफाफा राखतो, आत काय मागितले आहे ते त्याला कळत नाही. चुकीची वस्तू अगदी निर्दोष ई-निविदेने विकत घेता येते.

प्रशिक्षण वर्गात मी पहिल्या तासाला एक उदाहरण देतो. जिल्हा रुग्णालयाला रक्ततपासणीचे स्वयंचलित यंत्र घ्यायचे आहे. दोन लिफाफे उघडले. एकाचे यंत्र ८ लाखांचे, दुसऱ्याचे १२ लाखांचे, दोन्ही तांत्रिकदृष्ट्या पात्र. कोणते घ्याल? वर्ग एकमुखाने सांगतो, आठ लाखांचे, तोच एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा देकार. मग मी विचारतो, यंत्रात रोज घालावे लागणारे रसायन कोणाकडून घ्यावे लागेल? स्वस्त यंत्र फक्त स्वतःच्या कंपनीचेच रसायन स्वीकारत असेल, आणि त्या रसायनाचा दर निविदेत मागितलाच नसेल, तर पुढची सात-आठ वर्षे रुग्णालय ती कंपनी सांगेल त्या दराने ते घेत राहणार. यंत्राची किंमत हा त्या व्यवहारातला लहान आकडा असतो. मोठा आकडा रसायन, वार्षिक देखभाल, सुटे भाग आणि बंद पडलेल्या दिवसांचा असतो, आणि निविदेच्या मसुद्यात त्याचा उल्लेखही नसतो. या उदाहरणात कोणी लाच घेतलेली नाही, कोणताही नियम मोडलेला नाही. तुलनात्मक तक्ता बरोबर, खरेदी समितीच्या सह्या बरोबर, लेखापरीक्षणात एकही आक्षेप नाही. तरीही जनतेचा पैसा वर्षानुवर्षे गळत राहतो. छपाईयंत्र आणि त्याचे कार्ट्रिज यांचा हिशेब प्रत्येक कार्यालयात असाच आहे.

गळती अशा ठिकाणी असते आणि आपण ती शोधतो लाचेत. लाचखोरी आहे, ती मोठी आहे आणि तिच्याशी लढलेच पाहिजे. पण अज्ञानातून होणारे नुकसान बातमीत येत नाही म्हणून ते कमी ठरत नाही. यंत्र येते आणि कळते की त्या इमारतीत थ्री-फेज वीजजोडणीच नाही. संगणक येतात, पण ते ठेवायची खोली अजून बांधायची असते. यंत्र येते आणि ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे पद रिक्त असते. पुरवठा आदेशात 'बसवून, चालवून दाखवून' हे शब्द नसतात म्हणून पुरवठादार खोके उतरवून निघून जातो, आणि वॉरंटीचा काळ खोक्यातच संपतो. पुढे ते खोके जडवस्तू संग्रह नोंदवहीत एक ओळ होऊन राहते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल कोणत्याही वर्षाचे उघडा, वापराविना पडून राहिलेल्या यंत्रसामग्रीचे परिच्छेद त्यात सापडतात. लोकलेखा समितीपुढे विभागाचा खुलासा येतो तो साधारण एकाच धर्तीचा असतो. हे परिच्छेद खरे तर खरेदी शिकवण्याचे उत्तम पाठ आहेत. या पुस्तकाने ते तसे वापरले आहेत, हे मला विशेष वाटते.

मार्चअखेरची घाई हा याच दुखण्याचा दुसरा चेहरा. अनुदान वेळेवर येत नाही, आले तरी प्रशासकीय मान्यतेला महिने जातात, आणि निधी व्यपगत होईल या धास्तीने फेब्रुवारी-मार्चमध्ये जे मिळेल ते घेतले जाते. त्या दिवसांत बाजारभावाची चौकशी करायला कोणाला सवड नसते. तीन दरपत्रके येतात, तिन्हींच्या मजकुरात शुद्धलेखनाची तीच चूक असते. ई-निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी एका मागणीचे तुकडे पाडले जातात. वर्षाच्या सुरुवातीलाच गरजांचा आराखडा तयार करून तो जाहीर करणे, हा यावरचा साधा उपाय आहे. पुरवठादारांना काय लागणार आहे ते आधी कळले तर देकार जास्त येतात आणि दर उतरतात. आराखडा करायला पैसे लागत नाहीत, शिकलेला माणूस लागतो.

आता भीतीविषयी. खरेदीच्या टेबलावरचा प्रामाणिक माणूस सगळ्यात जास्त कशाला घाबरत असेल तर स्वतःचे डोके वापरायला. सर्वांत कमी दर स्वीकारला की प्रश्न विचारले जात नाहीत. दुसरा देकार चांगला होता असे लिहिले की चौकशीची शक्यता. म्हणून तो निकृष्ट मालाकडे डोळेझाक करून एल-वनवर सही करतो. ही भीती निराधार नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात असे एक कलम होते, की सार्वजनिक हिताशिवाय दुसऱ्या कोणाला आर्थिक लाभ मिळवून दिला तर, हेतू वाईट नसला तरी, अधिकारी गुन्हेगार ठरू शकत असे. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम गेले. टाटा सेल्युलर प्रकरणात १९९४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की निविदेच्या निर्णयावर न्यायालय अपिलात बसत नाही, तो निर्णय कोणत्या रीतीने घेतला गेला ते पाहते. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काही अटींवर, कामे आणि सल्लागाराखेरीज अन्य सेवा यांच्या निविदांतही गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के भार देण्याची मुभा दिली. म्हणजे विचार करून निर्णय घेणाऱ्याला आज कायद्याचा आधार आहे. अडचण ही की ज्याला तो आधार हवा, त्याला तो कोणी सांगितलेलाच नाही. कारणे नस्तीवर लिहिणे, निकष निविदा उघडण्याआधी ठरवणे आणि नंतर त्यांत फेरफार न करणे, बाजारभावाचा पुरावा जोडून ठेवणे, या सवयी म्हणजे प्रामाणिक कर्मचाऱ्याचे खरे संरक्षण. ती टिपणी कशी लिहावी याचे प्रकरण मी या पुस्तकात दोनदा वाचले.

औषधखरेदीकडे परत येतो, कारण शिकलेल्या खरेदीने काय साधते ते तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. तमिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. पूर्णलिंगम हे सनदी अधिकारी त्याचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. त्यांनी आवश्यक औषधांची मर्यादित यादी ठरवली, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे उभारली, प्रत्येक रुग्णालयाला त्याच्या वाट्याची रक्कम दाखवणारे पासबुक दिले. गोदामात आलेल्या मालाचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळांत पाठवले जात आणि तपासणीत उतरलेल्या मालाचेच पैसे दिले जात. कोणत्या गोदामात कोणते औषध किती उरले ते संगणकावर दिसे. तेही नव्वदच्या दशकात. यातली एकही युक्ती जगावेगळी नाही. जे. जे. रुग्णालयात जे प्रश्न कोणी विचारले नाहीत, ते प्रश्न तिथे पद्धतीतच बसवले गेले, आणि ती पद्धत चालवणारी माणसे त्याच कामासाठी ठेवली गेली. केरळ आणि राजस्थान त्याच वाटेने गेले.

महाराष्ट्राने २०१७ साली औषधांची आणि उपकरणांची खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली. लस बनवण्यात नाव कमावलेली ही संस्था. राज्यभराची खरेदी हा तिचा व्यवसाय नव्हता. मागण्या उशिरा आल्या, बदलत राहिल्या, निविदा रेंगाळल्या, रुग्णालये स्थानिक खरेदीवर दिवस काढत राहिली. मग २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे कमी होती की नव्हती यावर तेव्हा वाद झाला, शासनाने टंचाई नाकारली. त्या वादाचा निकाल मी इथे लावणार नाही. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा रिक्त पदांबरोबर खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नसल्याचा मुद्दाही पुढे आला. कायदा झाला, प्राधिकरण झाले, आणि प्रश्न पुन्हा माणसावर येऊन थांबला.

व्यावसायिक खरेदीदार तयार करण्याची परंपरा या देशात मुळीच नव्हती असे नाही. १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झाले. त्याच्याच वारशातून पुढे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय आले आणि त्यासाठी भारतीय पुरवठा सेवा ही स्वतंत्र सेवा होती. रेल्वेकडेही भांडार सेवा होती आणि तिचे अधिकारी इंजिनाच्या सुट्या भागापासून स्लीपरपर्यंत सगळे विकत घेण्यात आयुष्य घालवत. महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले, त्याची जागा जेमने घेतली. रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करण्याचा निर्णय २०१९ साली झाला. महासंचालनालयाच्या दरकरारांच्या जुन्या पद्धतीत दोष होते, ती बदलणे योग्यच होते. पण पोर्टल आले म्हणून त्या माणसांकडचे बाजाराचे ज्ञान अनावश्यक झाले, हा निष्कर्ष मला घातक वाटतो.

इतर देशांनी उलट दिशा धरली. अमेरिकेने १९७६ मध्ये नागरी खात्यांच्या खरेदी कर्मचाऱ्यांसाठी संस्था काढली आणि पुढे संरक्षण खरेदीसाठी अख्खे विद्यापीठ उभारले. ठरावीक प्रमाणपत्राशिवाय तिथे ठरावीक रकमेच्या करारावर सही करता येत नाही. ब्रिटनमध्ये खरेदी व्यावसायिकांच्या संस्थेला १९९२ साली राजसनद मिळाली. आपल्याकडे फरिदाबादची अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्था केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी चांगले वर्ग घेते, आयगॉट कर्मयोगी या ऑनलाइन प्रशिक्षण मंचावर पाठ आहेत, पुण्यात यशदा ही राज्याची प्रशिक्षण संस्था आहे. पण हे वर्ग ऐच्छिक असतात, बहुधा वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत थांबतात, आणि प्रशिक्षणाला गेलेला माणूस परत येईपर्यंत त्याची बदली मत्स्यव्यवसायातून समाजकल्याणात झालेली असते.

प्रशिक्षण कसे असावे याबद्दल माझे मत ठाम आहे. शासन निर्णय वाचून दाखवणारे वर्ग बंद करावेत. निर्णय संकेतस्थळावर आहेत. शिकणाऱ्याच्या हाती जुनी खरी नस्ती द्यावी, नावे झाकून, आणि त्याला त्यातले विनिर्देश पुन्हा लिहायला लावावेत. पाच देकारांमधले संगनमत ओळखायला लावावे. बाजारात पाठवून अंदाजित दर काढून आणायला सांगावे. अवास्तव कमी देकार आला तर दर-विश्लेषण कसे मागायचे, माल नाकारताना पत्र कसे लिहायचे, दंडाची रक्कम कशी आकारायची, हे हाताने करून बघितल्याशिवाय येत नाही. आणि पुरवठादाराची बाजूही शिकवावी. इचलकरंजीचा यंत्रमागधारक गणवेशाचे कापड पुरवतो आणि देयकासाठी सहा महिने कोषागाराचे उंबरे झिजवतो, तेव्हा पुढच्या निविदेत तो अडकलेल्या पैशाचे व्याज दरात मिळवतो किंवा निविदाच भरत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे. ते पाळले तर दर आपोआप उतरतील, पण खरेदी शाखा आणि देयक शाखा एकमेकींचे तोंड पाहत नाहीत.

हे पुस्तक शिकवण्याची सुरुवात करते आणि ती मराठीत करते. टिपणी मराठीत, निविदा इंग्रजीत आणि मार्गदर्शिका इंग्रजीत, अशा अवस्थेत काम करणाऱ्या तालुक्याच्या लिपिकाला आजवर असे काही मिळालेले नव्हते. त्यातली गरजनिश्चिती आणि विनिर्देश यांवरची प्रकरणे सर्वांत सकस आहेत. बांधकाम निविदांवरचा भाग मला त्रोटक वाटला. तो विषय स्वतंत्र पुस्तक मागतो.

विभागप्रमुखांना एक विनंती आहे. हे पुस्तक विकत घेऊन स्वतःच्या दालनातल्या काचेच्या कपाटात ठेवू नका, खरेदीच्या टेबलावर द्या. त्या टेबलावर येणाऱ्या माणसाला पदभार घेण्याआधी निदान दोन आठवडे शिकू द्या, आणि एकदा तो शिकला की तीन वर्षे त्याला तिथून हलवू नका.